धोंड्याच्या महिन्यातले टायर

“आप्पा, हे चढवायचेत. आजच्या आज,” असं म्हणत रुपेशनं गाडीचं मागचं दार उघडलं. आत चार नवे कोरे टायर रचून ठेवले होते. एवढे रुंद टायर आमच्या दुकानात कुणी जीपलासुद्धा बसवून नेले नसतील. आणि गाडी कुठली, तर कंपनीतून आली तशीच, मूळच्या अरुंद रिमांवर उभी असलेली साधी चारचाकी.

दुकानामागेच आमचं घर. आई दारात पाण्याचा तांब्या घेऊन आणि मी तिच्या मागे ओवाळणीचं ताट घेऊन उभी होते. लग्नानंतरचा पहिला अधिक महिना. जावई यायचा, त्याच्या पायावर पाणी घालायचं, ओवाळायचं, मग उंबऱ्याच्या आत घ्यायचं, असा सगळा थाट आईनं मनात मांडून ठेवला होता. जावईबापू मात्र उंबऱ्याकडे न बघता थेट दुकानात शिरले. तेव्हा मी त्याचं नाव घेत नव्हते. आता घेते. हरकत घ्यायला आता कुणी उरलेलं नाही. आप्पा गेले, माई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याही गेल्या.

आप्पा म्हणजे माझे वडील. पाटणच्या पुढे, चिपळूणकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं टायरचं दुकान होतं. माणूस गरीब स्वभावाचा, पण एका बाबतीत फार तिरसट. कंपनीच्या रिमवर रुंद टायर चढवून मागायला कुणी आलं की आप्पा त्याला उभंही करत नसत. “पाचाची चप्पल आन् आठाचा पाय,” म्हणायचे. “रिम रुंद आन, मग टायर रुंद घाल. न्हाईतर हाय त्ये ऱ्हाऊ दे.” कितीतरी हौशी पोरं त्यांनी अशी हात हलवत परत पाठवली होती.

हे सगळं रुपेशला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच तो आला होता. दोन महिन्यांपूर्वी चिपळूणला, माझ्या सासरी, अंगणात त्याचे मित्र जमले होते आणि रुंद टायरांच्या गप्पा रंगल्या होत्या. चहा देता देता मी बोलून गेले, “या रिमांवर ते नुसते दिसायला बसतील. आमचे आप्पा कुणालाच बसवून देत नाहीत.” मित्र हसले. एकजण म्हणाला, “रुप्या, आता गाडीत हवा भरायची तरी वहिनींना विचारून भर.” झालं! दुसऱ्या दिवशी त्यानं मला माहेरी आणून सोडलं. “तुझ्या बापाच्या दुकानात बसून अक्कल वाट,” म्हणाला, आणि चहासुद्धा न घेता गेला. त्यानंतर ना फोन, ना निरोप. शेजारच्या बायका विहिरीवर विचारायच्या, “कांचन, किती दिवस राहणार गं?” मी म्हणायचे, “बघू.” सासरी नांदायला परत नेणार की नाही, हेच मला माहीत नव्हतं. आईनं धोंड्याच्या जेवणाचं निमित्त करून तीनदा निरोप धाडला, तेव्हा कुठे तो आला. आणि आला तो हे टायर घेऊन.

“जावईबापू, आदी घरात तर या,” आप्पा म्हणाले.

“येतो की. हे आधी होऊ दे.”

आप्पांनी एका टायरवर हात फिरवला, मग गाडीच्या चाकाकडे बघितलं. “ह्या रिमवर ह्ये बरं न्हाईत. टायरचं प्वॉट भायेर येतं. मडगार्डला घासतं. रुंद रिमा मागवू या. मी स्वता आणतो कराडवरनं.”

“बरं तर,” रुपेश शांतपणे म्हणाला. तो चिडला की असाच शांत बोलायचा. “तुमच्याच्यानं होत नसेल तर राहू दे. मी असाच जातो. कांचनला काय, इथं करमतंयच.”

आई तांब्या खाली ठेवून धावली. आप्पांच्या सदऱ्याला धरून तिनं त्यांना घरात ओढलं. “अवो, काय चाललंय तुमचं? धोंड्याच्या म्हयन्यात जावय इष्णूचं रूप. त्येला दारातनं न्हाई म्हणून घालवता?”

“घासंल त्ये. कळतं मला.”

“घासू दे की! चार दिसांनी त्योच काढून टाकंल. पोरगी दोन म्हयनं घरात बसलीया, त्ये दिसतंय का तुमास्नी?”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं ते त्यांनी वाचलं असणार. मला जायचं होतं. टायर रुंद असोत की चौकोनी, मला माझ्या घरी जायचं होतं. आप्पा मुकाट्यानं बाहेर गेले आणि त्यांनी जॅक उचलला.

चारही जुने टायर उतरले. नवे रिमवर बसेनात. कडा धरायलाच तयार नव्हत्या, तेव्हा आप्पांनी हवा नेहमीपेक्षा जास्त मारली. तेव्हा कुठे एकेक टायर धाडदिशी आवाज करून जागेवर बसला. बाजू दोन्हीकडून फुगून रिमच्या बाहेर आल्या होत्या. आप्पांनी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघितलं, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटं घालून बघितली. मागच्या चाकांशी जरा जास्तच वेळ बसले. मडगार्डची आतली कड पत्र्याची, धारेची.

“रिकाम्या गाडीला लागत न्हाई,” उठताना म्हणाले. “पर मागं वजन टाकू नका, जावईबापू. आन् रुंद रिमा लौकर घ्या.”

रुपेश त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. “बसले की नाही?” त्यानं मला विचारलं. “तुझ्या आप्पांनीच बसवले.”

“बसले,” मी म्हणाले.

मग तो हसला, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. मनातली अढी गेली की तो फार चांगला माणूस होता. आईला त्यानं वाकून नमस्कार केला, पायावर पाणी घालून घेतलं, माझ्या हातचा चहा दोनदा मागितला. संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाला, “उद्या चल घरी. माईला एकटीला होत नाही.” एवढ्या एका वाक्यासाठी मी दोन महिने वाट बघितली होती. त्या संध्याकाळी मला कुणी सांगितलं असतं की टायरांनी माझा संसार सावरला, तरी मी मान डोलावली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे देवदर्शनाला निघालो. अधिक महिना म्हणून डोंगरावरच्या लक्ष्मीनारायणाला. रुपेशच्या शेजारी आप्पा, मागे आई, मी, माझी मावशी आणि तिच्या दोघी सुना, अशी दाटीवाटीनं भरलेली गाडी. वळणावळणाला मागून कुठूनतरी खर्रखर्र आवाज यायचा आणि रबराचा करपट वास.

“कायतरी जळतंय बाई,” मावशी म्हणाली.

“नवीन टायर आहेत मावशी, वास येतोच,” रुपेश म्हणाला. आप्पा खिडकीबाहेर मान काढून मागे बघत राहिले.

दुपारी धोंड्याचं जेवण झालं. पुरण भरलेले धोंडे, त्यावर तूप. जेवणानंतर जोड्यानं पाटावर बसवून आईनं वाण दिलं: तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा. मग गाडीत सामान भरणं सुरू झालं. आईचा हात सढळ, आणि त्यात लेकीची पाठवणी. शाळूची दोन पोती, गुळाच्या ढेपा, तांब्याचा हंडा, तेलाचा डबा. गाडी मागून चांगलीच खाली बसली.

मी साडी बदलून, पिशवी घेऊन बाहेर आले तेव्हा आप्पा मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. मडगार्डच्या आत हात घालून त्यांनी काहीतरी चाचपलं. हात बाहेर काढला तर बोटं काळी झालेली. त्यांनी ती लेंग्याला पुसली, पुन्हा हात आत घातला, पुन्हा पुसली. मग तिथंच बसून राहिले. मला वाटलं, आपण निघालो म्हणून त्यांना वाईट वाटतंय.

“आप्पा, येते,” मी म्हणाले.

ते उठले आणि एकदम दुकानापुढच्या बाकड्यावर जाऊन बसले. छातीवर हात ठेवून म्हणाले, “कांचन, तू आज जाऊ नगंस. माझ्या छातीत दुकाय लागलंय.”

आई घाबरली. रुपेश गाडीत बसलेला तो खाली उतरला. “दवाखान्यात नेऊ का?”

“न्हाई, न्हाई. दवाखाना नगं. पोरीला दोन दिस ऱ्हाऊ दे. मी स्वता यस्टीनं आणून सोडतो.”

“मग मीही थांबतो.”

“तुमी कशाला? तुमी जावा. तुमची कामं आसत्याल.”

हे काही बरोबर नव्हतं. छातीत दुखणारा माणूस असा घाईघाईनं जावयाला वाटेला लावत नाही. रुपेशचा चेहरा बदलत गेला. आई पुटपुटली, “अवो, धोंड्याला जोडा आला तसा जोडा जाऊ द्यावा. फोडू नये.”

“ऱ्हाऊ दे म्हणलं ना तिला!” आप्पा ओरडले. आयुष्यात मी त्यांना आईवर ओरडताना ऐकलं नव्हतं.

“कळलं,” रुपेश शांतपणे म्हणाला. “दोन महिने ठेवून घेतलीत, अजून जीव भरला नाही. ठेवा मग कायमचीच.” माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, “तू काय करणारेस?”

मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. एवढं घट्ट की मला सोडवता आलं नसतं. “यांना बरं वाटलं की येते,” मी कशीबशी म्हणाले.

“हळू जावा, जावईबापू,” आप्पा म्हणाले. “घाटात लई हळू. मागं वजन हाय.”

रुपेशनं दार आपटलं. गाडी अशी काय उसळून रस्त्याला लागली की हंडा मागे घणघणला. ती वळणाआड जाईपर्यंत आप्पांनी माझं मनगट सोडलं नाही.

सोडल्यावर मी त्यांना काय काय बोलले! तुम्हाला माझा संसार बघवत नाही, म्हणाले. दुखत काही नव्हतं, नाटक केलंत, म्हणाले. आता तो मला नांदवणार नाही, आयुष्यभर तुमच्या दुकानात पंक्चर काढत बसते, असंही म्हणाले. आई मला आवरत होती.  आप्पा रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि घाटाच्या बाजूला बघत राहिले.

दिवेलागणीच्या आधीच निरोप आला. कुंभार्ली घाट उतरताना वळणावर मागचा डावा टायर फुटला होता. गाडी कठडा तोडून दरीत गेली होती. शाळू सगळ्या उतारावर सांडला होता, असं निरोप आणणारा माणूस सांगत होता. त्याला दुसरं काय सांगावं ते सुचत नसणार.

पोलिसांनी पंचनाम्यात उन्हाळा आणि वेग एवढंच लिहिलं. टायर कुणी चढवले हे कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही कुणाला दिसलं नाही. सासरी माझे दिवस एका कोपऱ्यात गेले. बायका यायच्या, रडायच्या, मला विचारायच्या, “तू कशी गं नव्हतीस गाडीत?” दैव बलवत्तर म्हणून वाचली, असं तोंडावर म्हणायच्या. पाठ फिरली की दुसरं काहीतरी म्हणायच्या. मी रडत होते, पण रडताना मध्येच मला ती काळी बोटं दिसायची आणि रडू थांबायचं. टायरवाल्याच्या घरात वाढलेली पोर मी. पत्र्यावर रबर घासलं की त्याचा काळा भुगा पडतो, हे मला कुणी समजावून द्यायला नको होतं. मला फक्त ते त्या दिवशी समजून घ्यायचं नव्हतं.

तेराव्याला आप्पा आले, मला माहेरी न्यायला. तशीच रीत होती. मागच्या दारी न्हाणीपाशी ते हातपाय धूत होते, तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“आप्पा, तुमच्या छातीत दुखत नव्हतं ना?”

त्यांनी तांब्या खाली ठेवला. “न्हाई.”

“टायर कापला होता?”

“आतल्या बाजूनं. बोटभर चर पडला हुता. देवाला जाऊन आलो तवा सगळी बसल्याली ना गाडीत... तवा कापला आसंल.”

“आणि त्यावर शाळू भरताना तुम्ही बघत बसलात.”

ते तांब्यातल्या पाण्याकडे बघत राहिले.

“मला थांबवलंत. त्यांना का नाही सांगितलंत?”

“सांगितलं आसतं तर त्येनी आयिकलं आसतं?” आप्पा खालच्या आवाजात म्हणाले. “सासऱ्याला टायर चढवाय लावलं म्हणून त्यो हौशीत हुता. म्हणला आसता, बघ, तुझा बाप भितोय. आन् हट्टानं तुला म्होरं बसवून नेली आसती.”

“मग उतरवायचे होते. जुने टायर दुकानातच पडले होते.”

“कसं उतरवू पोरी? त्यापायी तर तुला दोन म्हयनं टाकली हुती त्येनी. त्येच्या देखत उतरिवलं आसतं तर पुन्ना सोडली आसती तुला.”

“आता काय झालं, आप्पा?”

“मला वाटलं, उतरंल घाट. एकलाच हाय, हळू जाईल. वाटलं, येक डाव उतरला की फोन करून सांगीन, टायर बदला.” त्यांनी ओल्या हातानं तोंड पुसलं. “आन् न्हाईच उतरला, तर दोघांतलं येक तरी...”

पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला ते ऐकायची गरजही नव्हती.  गाडी दरीत गेली ती नंतर. त्याआधी, दुकानापुढच्या त्या बाकड्यावर बसून, माझ्या बापानं दोघांतलं एक निवडून ठेवलं होतं. माझं मनगट धरून त्यांनी त्याला हळू जायला सांगितलं होतं.

आतून कुणीतरी हाक मारली. आम्ही पडवीत गेलो. माई खांबाला टेकून बसल्या होत्या. भावकी बसली होती. आप्पा हात जोडून म्हणाले, “कांचनला घिऊन जातो.”

“न्या,” माई म्हणाल्या. “तिला कोण ठेवून घेतंय? जोड्यानं बोलावलं होतं ना तुम्ही? मग जोड्यानं यायला हिला काय झालं होतं? रुसून बापाच्या घरी राहिली, म्हणून माझा पोरगा डोकं फिरवून निघाला. ही शेजारी असती तर हळू चालवली असती त्यानं. हिनं मारला माझा पोरगा.”

सगळी पडवी माझ्याकडे बघायला लागली. मी आप्पांकडे बघत होते. फार काही नको होतं मला. ‘तिनं न्हाई, मी ठेवून घेतली,’ एवढं म्हणाले असते तरी पुरे होतं. टायरांचं नसतं काढलं तरी चाललं असतं. आप्पांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, झटकली, पुन्हा डोक्यावर घातली.

“चल पोरी,” ते म्हणाले. “गाडी थांबलीया भायेर.”

“मी येत नाही, आप्पा.”

“येडी का खुळी तू? हितं कोण हाय तुजं?”

“माई आहेत.”

माईंनी मान वर केली. “मला नको ही,” त्या भावकीला म्हणाल्या.

मी त्यांच्यापुढे जाऊन बसले. “माई, तुम्ही म्हणता ते खरं आहे,” मी म्हणाले. “मी रुसले होते. त्यांनी घरी चल म्हटलं, मीच आले नाही.” माईंनी माझ्या तोंडात मारली. दुसऱ्यांदा मारायला हात उचलला, पण तो तसाच माझ्या खांद्यावर पडला आणि त्या मोठ्यानं रडायला लागल्या. मी त्यांना धरून बसले. आप्पांनी तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं.

गाडीपर्यंत मी त्यांना सोडायला गेले. ड्रायव्हर लांब उभा होता. आप्पा दार धरून उभे राहिले.  “कांचन,” ते म्हणाले, “मी तुला वाचिवलं गं.”

“हो, आप्पा,” मी म्हणाले. “म्हणूनच येत नाही.”

ते गाडीत बसले. मी वळून घरात आले. माई सकाळपासून उपाशी होत्या. मी चूल पेटवली आणि त्यांच्यासाठी भात टाकला.